बसऱ्याच्या भिंतीवर आमचे फक्त आकडे

कूट-अल-अमारा हे इराकमधले गाव टायग्रिस नदीच्या वळणात वसले आहे. तीन बाजूंना पाणी आणि एक बाजू उघडी. या उघड्या बाजूच्या टोकाला, नदीला लागून, मातीच्या भिंतींचा एक किल्ला होता. पहिल्या महायुद्धात, २४ डिसेंबर १९१५ रोजी तुर्की तोफांनी त्याच्या भिंती फोडल्या आणि खिंडारातून तुर्की सैन्य आत घुसले. किल्ल्यात इंग्रजांच्या हिंदी सैन्यातल्या पुणे डिव्हिजनची १७ वी ब्रिगेड होती. तिच्यात इंग्लंडमधली ऑक्सफर्डशायर आणि बकिंगहॅमशायरची पलटण होती आणि आपल्याकडची १०३ वी मराठा लाइट इन्फंट्रीही होती. दिवसा हल्ला झाला, रात्री पुन्हा झाला. खिंडारात संगिनी आणि हातबाँब घेऊन लोक अक्षरशः अंगावर अंग टाकून लढले. किल्ला पडला नाही.

या युद्धात इराकमध्ये जे मेले आणि ज्यांची कबर ठाऊक नाही, त्यांच्यासाठी पुढे बसऱ्याला स्मारक उभे राहिले. त्याच्या भिंतींवर ४० हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. ऑक्सफर्डच्या साध्या शिपायाचे नावही त्या दगडात कोरलेले आहे. १०३ व्या मराठा पलटणीच्या रकान्यात अधिकाऱ्यांची नावे आहेत. शिपाई, नाईक, हवालदार यांच्या जागी लिहिले आहे ते एवढेच, की आणखी अमुक इतके हिंदी सैनिक. खिंडार एकच होते, मरणही एकच होते. भिंतीवर मात्र एकाला नाव मिळाले आणि दुसऱ्याला आकडा.

हिंदूंना दहन दिले जाई, म्हणून त्यांची थडगी नाहीत. म्हणजे त्या परमुलखात त्यांची कुठे खूण उरायची असेल, तर ती या भिंतीवरच उरणार होती. अमारा येथे नदीच्या डाव्या तीरावर हिंदी सैनिकांची जी दफनभूमी आहे, तिथली गोष्ट याहून जिव्हारी लागणारी आहे. तिथे सुमारे ५,००० जणांचे स्मरण केले जाते आणि त्यांतल्या फक्त ९ जणांची ओळख पटलेली आहे. कोणी कुठे पुरला याची नीट नोंदच लष्कराने ठेवली नव्हती.

हे सगळे नाइलाजाने झाले, असे म्हणता येत नाही. फ्रान्समध्ये नव्ह-शापेल येथे १९२७ साली हिंदी सैनिकांचे स्मारक झाले. त्यावर ४,७०० हून अधिक नावे आहेत आणि त्यांत साध्या शिपायांची नावे आहेत. तेच सैन्य, तीच कारकुनी, तेच दशक. युरोपच्या लोकांसमोर आमची नावे कोरता आली. इराकच्या वाळवंटात तेवढी तसदी कोणी घेतली नाही. ज्या संस्थेकडे या स्मारकांची देखभाल आहे, त्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली स्वतःच्याच इतिहासाची चौकशी करून हे मान्य केले. किमान १ लाख १६ हजार मृतांचे, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांचे, स्मरण नावाने झालेच नाही किंवा मुळीच झाले नाही, असे त्या अहवालात म्हटले आहे. त्यामागे त्या काळचा वंशभेद होता, हेही त्यांनी लिहिले. ब्रिटिश संसदेत संरक्षणमंत्र्यांनी माफी मागितली. आपल्या वर्तमानपत्रांत ती बातमी आली आणि दोन दिवसांत विरली. साताऱ्यात तिची चर्चा झाल्याचे मला आठवत नाही, आणि याच गोष्टीची मला खंत आहे. कारण ज्यांची माफी मागितली गेली, त्यांतले कितीतरी आमच्या जिल्ह्यातले होते.

माझ्या आजीचा एक चुलता लामावर, म्हणजे लढाईवर, गेला आणि परत आला नाही. आजी 'बसरा' हा शब्द असा उच्चारायची, की लहानपणी मला ते एखाद्या विहिरीचे नाव वाटायचे, माणूस पडला की सापडतच नाही अशा विहिरीचे. सर्वपित्री अमावास्येला त्याच्या नावाचे पान वेगळे काढले जाई. त्याचे नाव घरात होते तोवर होते. आजी गेली आणि आमच्या पिढीला त्याचे नुसते 'चुलता' एवढेच उरले. आज मी त्याचे नाव छातीठोकपणे सांगू शकत नाही. ब्रिटिशांनी बसऱ्याला जे केले, तेच आम्ही घरी केले.

आणि गावातही केले. महायुद्धानंतर सरकारने देशभरातल्या भरतीच्या गावांमध्ये संगमरवरी पाट्या बसवल्या. मजकूर ठरलेला असे : या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. सातारा तालुक्यातले अपशिंगे हे सर्वांत माहितीचे उदाहरण. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण कामी आले आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा लागला. आजही तिथे घरटी फौजी आहे. अपशिंग्याने आपली परंपरा निष्ठेने जपली आहे, त्या गावाबद्दल मला नितांत आदर आहे. पण ही परंपरा आपण सांगतो ती कशी? ४६. प्रत्येक भाषणात, प्रत्येक बातमीत, ४६. आकडा आपल्या तोंडी इतका बसला आहे, की तो माणसांचा आहे हेच आपण विसरलो.

माझे म्हणणे एवढेच आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी, जे १९४९ पर्यंत बहुतांशी एकच जिल्हा होते, महायुद्धांत गेलेल्या आपल्या माणसांची गाववार, नावनिशीवार वही तयार करावी. नवे स्तंभ, कमानी, चौकात ठेवलेले जुने रणगाडे यांच्या आधी ही वही व्हावी. नाव नसलेले स्मारक कितीही उंच केले, तरी ते बसऱ्याच्या भिंतीचीच नक्कल ठरते.

यावर पहिला आक्षेप येतो तो वजनदार आहे. ही माणसे इंग्रजांसाठी लढली, त्यांचे स्मरण आपण का करायचे? मी हा प्रश्न झटकणार नाही, कारण तो साताऱ्यातून येतो. याच मातीत नाना पाटलांचे प्रतिसरकार झाले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजला तिरंगा घेऊन मोर्चाने गेलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि नऊ जण हुतात्मे झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गोळ्या झाडल्या गेल्या. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची गाडी अडवून तुफान सेनेने इंग्रजांचा खजिना घेतला. आणि त्याच सुमारास याच तालुक्यांतली पोरे मराठा पलटणींतून इटलीच्या डोंगरांत चढत होती. एकाच वाड्यातला थोरला भाऊ तिकडे, धाकटा भूमिगत, असे आमच्याकडे घडले आहे. हुतात्म्यांना मिळालेला मान या सैनिकांना द्या, असे मी म्हणत नाही. हुतात्म्यांनी जाणूनबुजून स्वातंत्र्यासाठी छाती पुढे केली. त्यांची जागा वेगळी आहे आणि वेगळीच राहिली पाहिजे.

इराकची मोहीमही गौरव करावी अशी नव्हती. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी पुणे डिव्हिजनची १६ वी ब्रिगेड फाव येथे उतरली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. इराणी आखाताच्या टोकाला असलेले इंग्रजांचे तेल सांभाळणे, हा या मोहिमेचा एक मोठा हेतू. बसरा हाती आल्यावर वरिष्ठांना बगदादचा मोह झाला. पुरेशा बोटी नाहीत, औषधे नाहीत, कुमक नाही, अशा अवस्थेत एकच डिव्हिजन नदीच्या उगमाकडे शेकडो मैल ढकलली गेली. १९१५ च्या नोव्हेंबरात सलमान पाकला, ज्याला इंग्रजी इतिहास टेसिफोन म्हणतो, या सैन्याने साडेचार हजारांच्या आसपास माणसे गमावली. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून, ओबडधोबड रानातून नदीपर्यंत आणले. मोडलेल्या मांड्यांची माणसे त्या गाड्यांच्या फळ्यांवर पडून होती. पुढे नेमलेल्या चौकशी आयोगाने १९१७ साली हे सगळे उघड केले आणि ब्रिटिश भारतमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. ही विजयाची कहाणी नव्हे. सरदारांच्या हावरेपणाची किंमत शिपायांनी दिली, असा हा प्रसंग आहे.

मग कूटचा वेढा. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, दोन्ही टोके धरून १४५ दिवस. धान्य संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे कापली गेली. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्ले. हिंदी शिपायांनी कित्येक आठवडे ते नाकारले. धर्मगुरूंचे निरोप आणवले गेले, वरून दडपण आले, तरी पुष्कळांनी शेवटच्या दिवसांपर्यंत तोंडाला लावले नाही. भाकरीचा तुकडा रोज लहान होत गेला. भाजीपाला नसल्याने हिरड्यांतून रक्त येई, म्हणून लोक रानातले दिसेल ते गवत खुडून शिजवत. त्यातले विषारी कोणते हे कोणाला कळणार? १७ व्या ब्रिगेडचा सेनापती हॉटन वेढ्यातच, एप्रिलमध्ये मरण पावला. घोडा खाल्ला तर गावी परतल्यावर भाऊकी पंगतीला घेईल का, ही धास्ती त्या पोरांच्या मनात होती. उपाशी मरताना ज्यांनी गावच्या पंगतीची फिकीर केली, त्यांची गावाने काय फिकीर केली?

शरणागतीनंतर जे कैदेत गेले, त्यांतले हजारो परतले नाहीत. वाळवंटातली पायपीट, पुढे रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावरची मजुरी, विषमज्वर, हगवण. तिथे तर लढाईचाही प्रश्न नव्हता.

तेव्हा 'इंग्रजांसाठी लढले' हे वाक्य बरोबर असूनही अपुरे आहे. माण, खटाव, खानापूर, आटपाडी हा पावसाच्या सावलीतला मुलूख. कुसळे आणि मेंढरे यांपलीकडे घरात रोख पैसा आणणारा मार्ग कोणता होता? मुंबईची गिरणी नाहीतर पलटण. शिपायाला महिना ११ रुपये मिळत आणि अंगावर कापड येई. ज्यांच्या घरी सावकाराचा तगादा होता, त्यांच्या पोराला 'तू साम्राज्यवादाचा हस्तक' असे शंभर वर्षांनी म्हणण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही. युद्ध अन्यायाचे होते, हे ठामपणे सांगावे. त्यात मेलेल्याचे नावही ठामपणे सांगावे. या दोन गोष्टी एका दमात सांगता येतात. सांगता येत नाहीत असे ज्यांना वाटते, त्यांनी कोणत्याही आईला विचारावे.

दुसऱ्या बाजूचा धोका मला जास्त भिववतो. तो म्हणजे या स्मरणाला जातीच्या अभिमानाचा रंग चढवणे. पलटणीच्या नावात 'मराठा' आहे म्हणून ती एका जातीची होती असे नाही. या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या होत्या, कूटलाही होत्या. शिवाय एका समाजाला दारातच अडवले होते, हेही त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहावे लागेल. १८९२ नंतर महारांची लष्करभरती बंद झाली. जे पिढ्यान्‌पिढ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत लढले, त्यांना 'लढाऊ जात नव्हे' असे ठरवले गेले. सुभेदार रामजी सकपाळ साताऱ्यात राहत होते. त्यांच्या मुलाने १९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत नाव घातले. लष्करी घरातल्या त्या मुलाच्या समाजाला तेव्हा लष्कराचे दार बंद होते. १९१७ साली माणसे कमी पडू लागली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ पर्यंत ती मोडूनही टाकली. गरज सरो, वैद्य मरो.

नावाचे मोल काय असते, हे खरे तर त्याच समाजाने महाराष्ट्राला दाखवून दिले आहे. भीमा कोरेगावचा स्तंभ कंपनीने आपल्या कौतुकासाठी उभारला. पण त्यावर मृतांची नावे कोरली होती आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' होते. शंभर वर्षांनंतर लोकांनी ती नावे वाचली आणि त्यांत आपली माणसे ओळखली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले. त्या लढाईचा अर्थ काय, यावर महाराष्ट्रात वाद आहे आणि तो राहील. मी इकडे लक्ष वेधतो आहे ते वेगळ्याच गोष्टीकडे. त्या दगडावर नुसते 'अमुक इतके हिंदी सैनिक' असे लिहिले असते, तर कोणाला काय ओळखता आले असते? परक्याने कोरलेले नावसुद्धा वारसाच्या हाती लागले की त्याचे होते. आकड्याला वारस नसतो.

आमच्या वहीत बिगरलढाऊ माणसेही आली पाहिजेत. इराकमध्ये हिंदुस्थानातून जे जवळपास सहा लाख लोक गेले, त्यांतले निम्म्याच्या आसपास लढाऊ नव्हते. भिस्ती, खेचरवाले, आचारी, डोलीवाले, भंगी, न्हावी, मोची, हमाल. गोळी त्यांनाही लागली आणि कॉलरा त्यांनाही झाला. अपशिंग्यासारख्या गावाच्या पाटीवर 'पुरुष गेले' असा शब्द आहे, 'शिपाई गेले' असा नाही. ते बरेच झाले. गावाने आता त्या शब्दाचा पुरता उपयोग करावा.

'नोंदी कुठे सापडणार' असे म्हणून पुष्कळजण हात झटकतात. नोंदी आहेत. भिंतीवर आकडे असले तरी युद्धसमाधी आयोगाच्या यादीत आता हिंदी शिपायांची नावे आहेत, ती घरबसल्या पाहता येतात. पलटण, हुद्दा, मृत्यूची तारीख, आणि बऱ्याच नावांपुढे 'अमक्याचा मुलगा, गाव अमुक, जिल्हा सातारा'. मी मागच्या पावसाळ्यात काही संध्याकाळी या यादीसमोर बसलो. गावांची नावे इंग्रज कारकुनांनी कानाला जसे ऐकू आले तशी लिहिली आहेत. दिल्लीत किंवा लंडनमध्ये बसलेल्या अभ्यासकाला ती कळणे अवघड. तो कोरेगाव वाचेल, पण कोरेगाव साताऱ्यातही आहे आणि भीमेकाठीही. आपल्याकडच्या माणसाला मात्र आडनावावरून गाव लागते. अमुक आडनाव कुठल्या वाडीत आहे, कुठली भावकी कुठून उठून कुठे गेली, हे आपल्या निवृत्त शिक्षकांना, पोस्टमनला, गुरवाला, कोतवालाला ठाऊक असते. हे ज्ञान कोणत्याही कचेरीत नाही आणि दर वर्षी ते थोडे थोडे स्मशानात जात आहे. म्हणून मला घाई आहे.

पंजाबने हे करून दाखवले. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या सरकारी वह्यांत पंजाबच्या ३ लाख २० हजार सैनिकांची गाववार माहिती होती. ती २०२१ पासून लोकांसाठी खुली होऊ लागली आणि इंग्लंडमध्ये जन्मलेल्या नातवंडांना आपल्या पणजोबांचे गाव, पलटण सापडू लागली. सरहद्द मधे असूनही ते झाले. आपल्याला तर सातारा ते सांगली एवढेच अंतर आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, शिवाजी विद्यापीठ आहे. युद्ध संपल्यावर वर्षभरात, १९१९ साली, कराडजवळच्या काले गावात सुरू झालेली रयत शिक्षण संस्था आहे आणि तिच्या शाळा वाडीवस्तीवर आहेत. नववीच्या मुलांना इतिहासाचा प्रकल्प म्हणून आपल्या गावाची दहा नावे दिली, तर दोन वर्षांत दोन्ही जिल्हे पुरे होतील. यासाठी कोट्यवधींचा निधी लागत नाही. हयात जवानांच्या कुटुंबांचा, वीरपत्नींचा पैसा यात वळवू नये, हे मी स्पष्ट सांगतो. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर स्वातंत्र्यानंतरच्या जवानांची नावे आहेत, तशीच असावीत. त्याआधीच्यांसाठी दिल्लीकडे डोळे लावून बसायची गरज नाही. हे काम चावडीवरचे आहे.

आणि स्मरण कसे करावे? १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा भरतात. त्या दिवशी आधी गावच्या स्वातंत्र्यसैनिकांची आणि हुतात्म्यांची नावे वाचावीत. मग लामावरून न आलेल्यांची वाचावीत, बापाच्या नावासकट. भाषण नको. नाव, बापाचे नाव, पलटण, जिथे मेला ते ठिकाण. पाच मिनिटे लागतील.

यादी चाळताना मला एक अडचण आली, ती मांडून थांबतो. जावळी आणि पाटण या तालुक्यांतली काही नावे होती. गाव वाचता येत होते, पण आजच्या नकाशावर सापडत नव्हते. शेवटी तिकडच्या एका वयस्क गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "अहो, ते गाव आता शिवसागराखाली आहे." कोयनेच्या पाण्यात गाव गेले आणि माणसे विस्थापित होऊन सांगलीत, सोलापुरात, ठाण्यात, कोकणात पांगली. ज्या वेशीवर पाटी बसायची, ती वेसच राहिली नाही. या शिपायांची नावे कुठल्या ग्रामसभेत वाचायची, हे मी त्यांना विचारले. पुनर्वसित गावठाणांची यादी त्यांच्याकडे हाताने लिहिलेली आहे, कोणते गाव कुठे वसले याची. ती घेऊन जा म्हणाले. येत्या रविवारी मी जाणार आहे.